हडपसरची वाट आणि मर्दनाची विद्या

आपल्या नाभिक ज्ञातीच्या स्मरणिका आणि विशेषांक चाळले असता त्यांत दोन वीरांची चरित्रे हमखास आढळतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार शिवरायांपर्यंत पोहोचू न देणारा जिवा महाला, आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांचे सोंग घेऊन मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीद, ही ती दोन नावे होत. ती वारंवार घेतली जावीत हे योग्यच आहे. परंतु वीर दोन, आणि शिणलेल्या अंगांवरून हात फिरवून त्या अंगांस दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी उभे करणारे हात मात्र पिढ्यान्पिढ्यांचे, असंख्य. त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. वस्तरा आणि कातर यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. तेलाच्या वाटीविषयी बोलताना आपला स्वर खाली येतो. दुसऱ्याचे पाय रगडणे हे हलके काम, असे इतरांनी म्हटले आणि कालांतराने आपणही ते खरे मानू लागलो. ही समजूत कितपत योग्य आहे, याचा इतिहासाच्या आधाराने विचार करावा असे आम्हांस वाटते.

हडपसर परिसरातील आपल्या कुटुंबांस हा विषय दूरचा नाही. आषाढीच्या वारीत पुण्याचा मुक्काम आटोपून श्रीज्ञानेश्वरमहाराज आणि श्रीतुकाराममहाराज यांच्या पालख्या एकामागून एक आपल्या गावी येतात आणि गाडीतळापासून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते; माउलींची पालखी उरुळी देवाची आणि वडकीनाला ओलांडून दिवे घाट चढते आणि सासवडास विसावते. पुणे ते सासवड ही माउलींच्या वाटेवरील एका दिवसाची सर्वांत मोठी मजल समजली जाते. सुमारे तीस किलोमीटर चाल, आणि तीही दिवसाच्या अखेरीस घाटाची चढण घेऊन! या मजलेच्या पहिल्या टप्प्यावर आपले गाव वसलेले आहे. सारे गाव भाकरी, पिठले, पाणी घेऊन रस्त्यावर येते. आणि त्याच गर्दीत कोणीतरी एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याचे पाय मांडीवर घेऊन त्याच्या पोटऱ्यांना तेल लावीत बसलेला असतो. हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहतो, की त्यामागे एक प्राचीन विद्या उभी आहे हे आपल्या ध्यानी येत नाही.

या विद्येची नावे जुन्या ग्रंथांत वेगवेगळी आहेत. अंगाला तेल लावून ते जिरविणे तो अभ्यंग. चूर्ण वा उटणे लावून घासणे ते उद्वर्तन. आणि हातांनी अंग दाबणे, चेपणे ते संवाहन. दिवाळीच्या पहाटे आपल्या घरी होते ते अभ्यंग आणि उद्वर्तन यांचेच अवशिष्ट रूप होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे फळ सांगताना घडा, कातडे आणि गाडीचा कणा यांचे दृष्टान्त दिले आहेत. तेलाने कातडे जसे चिवट होते आणि वंगणाने कणा जसा झीज सोसतो, तद्वत् शरीरही श्रम सोसण्यास समर्थ होते, असा त्याचा आशय आहे. सुश्रुताचे म्हणणे तर आपल्या विषयाला अगदी नेमके लागू पडते. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा, आणि तो झाल्यावर सर्व बाजूंनी सुख वाटेल अशा बेताने अंग चोळावे, असे त्याने सांगितले आहे. संवाहनाने श्रम जातात आणि झोप चांगली लागते, हेही त्याने नोंदविले आहे. येथे ‘सुख वाटेल अशा बेताने’ ही मर्यादा वाचकांनी विशेषेकरून ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग आपणांस पुढे होईल. वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच नियम पुढे चालविला, आणि अजीर्ण झालेल्याने वा कफाने ग्रासलेल्याने अभ्यंग करू नये, हेही बजाविले. म्हणजे मर्दन केव्हा करावे याइतकेच ते केव्हा करू नये हे शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

ग्रंथांतील शास्त्र प्रत्यक्ष जगत होते ते हातांत. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकात संवाहक नावाचे एक पात्र आहे. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे ते आपल्या लोकांना परिचित आहे. हा संवाहक मूळचा पाटलिपुत्राचा. चारुदत्ताच्या घरी अंग चेपण्याची सेवा करणारा. पुढे जुगारात बुडालेला आणि शेवटी बौद्ध भिक्षू झालेला. वसंतसेना त्याच्या विद्येची वाखाणणी करते तेव्हा तो जे उत्तर देतो त्याचा भाव असा, की आपण ही गोष्ट कला म्हणून शिकलो, परंतु आता तिची उपजीविका झाली आहे. इतक्या जुन्या काळच्या या उत्तरात आपल्या ज्ञातीची सारी व्यथा सामावली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कलेचा मान आणि उपजीविकेची लाचारी यांच्यामध्ये हा हात तेव्हापासून अडकलेला आहे.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या अभ्यंगस्नानाचे वर्णन आहे आणि मल्लविनोद या नावाने पहिलवानांचा स्वतंत्र विचारही आहे. वय आणि बळ पाहून मल्लांचे वर्ग कसे करावेत, त्यांचा आहार कोणता, ओझ्याचे श्रम कोणते, खांबावरचे श्रम कोणते, हे सारे तेथे क्रमवार दिले आहे. यांतील स्तंभश्रमात अभ्यासकांना आपल्या मल्लखांबाचे पूर्वरूप दिसते. हे कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण.

त्याच बीदरच्या परिसराशी महाराष्ट्रात श्रीसंत सेना महाराजांची कथा जोडली गेली. महिपतींनी भक्तविजयात ती सांगितली आहे, आणि आपल्या घरांतून श्रावण वद्य द्वादशीस ती दरवर्षी ऐकली जाते. सेनाजी पूजेत मग्न असता राजाचे बोलावणे आले. भक्तावर संकट येऊ नये म्हणून भगवंतांनी स्वतःच धोकटी काखेस मारली, राजाची सेवा केली, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. उत्तर हिंदुस्थानातील कथेत राजा बांधवगडचा आहे, आपल्याकडील कथेत तो बादशहा आहे. परंतु दोन्हीकडे देव सेनाजींच्या रूपाने राजाची अंगसेवा करतो. या कथेकडे आम्ही येथे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहत नाही. समाजाच्या मनाचा पुरावा म्हणून पाहतो. विठ्ठलाने जनीबरोबर दळण दळले, चोखोबांची ढोरे ओढली, तसेच सेनाजींच्या वतीने मर्दन केले. ज्या कामाला गावगाडा हलके म्हणत होता ते काम देवाच्या हातून करवून घेऊन संतपरंपरेने त्याची किंमत बदलली.

तथापि गावगाड्याची रीत आपण विसरता कामा नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली गावगाडा या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले, त्यात आपली ज्ञाती बारा बलुत्यांपैकी एक आहे. हजामत, लग्नकार्यातील राबता, पाटलाचे किंवा गावी उतरलेल्या अंमलदाराचे हातपाय रगडणे, ही कामे बलुत्याच्या धान्यावर होत असत. ज्याने दिवसभर नांगर धरला त्या कुणब्याचे अंग कमी दुखत होते असे नाही; परंतु मर्दनाचा हक्क मानाप्रमाणे मिळे, श्रमाप्रमाणे नव्हे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या अंगाला तर हा हात लागूच नये, असा गावाचा दंडक होता. सर्वांत अधिक राबणाऱ्या शरीराला सर्वांत कमी विसावा, हा त्या व्यवस्थेचा न्याय! याच हातांनी पुढे एक वेगळा निर्णय घेतला, हेही सांगितले पाहिजे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने आपले ज्ञातिबांधव एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरविले. हात कोणत्या कामास लावावा आणि कोणत्या कामास लावू नये हे ठरविण्याचा अधिकार हाताच्या मालकाचा आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

बलुत्याच्या बाहेर मर्दनाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती तालमीत. हडपसरच्या मैदानावर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला. ज्या दिवसांत घरोघरी अभ्यंगस्नाने व्हावयाची त्या दिवसांत आपल्या शिवारात रक्ताचे सडे पडले. राजकारणात दुर्बळ ठरलेला हा बाजीराव मल्लविद्येचा मात्र शौकीन होता. त्याच्याच आश्रयाने बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. पेशवाई गेली, पण पुण्याच्या पेठांतील तालमी राहिल्या. पुढे कोल्हापुरास छत्रपती शाहूमहाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले.

तालमीतील मर्दनाची रीत गावगाड्याच्या रीतीहून अगदी निराळी आहे. तेथे रगडणारा एक आणि रगडून घेणारा दुसरा, असा कायमचा भेद नाही. पहाटेचे जोर, बैठका आणि लढती आटोपल्या, की लहान पठ्ठा मोठ्याचे अंग चोळतो आणि जोडीचे पहिलवान एकमेकांचे चोळतात. मांड्यांसारख्या जाड स्नायूंवर हाताचा जोर पुरत नाही, तेव्हा पायाने तुडविण्याचीही पद्धत आहे. हळद, तेल, ताक घालून मळलेल्या तांबड्या मातीत जातीचा विटाळ टिकत नाही, असे जुने वस्ताद म्हणत आणि मर्दनाच्या वेळी ते खरेही ठरे. ज्याचे अंग आज आपण चोळले, तोच उद्या आपले चोळणार, ही समता बलुत्यात नव्हती. ती आखाड्यात होती.

श्रमानंतरच्या विसाव्याचे मोल किती असते, याचे एक हृदयद्रावक उदाहरण आपल्याच मातीतील आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात उतरले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ आणि दमछाक करणारी लढत देऊन, ती गुणांवर गमावून खाशाबा बाहेर आले, तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. तो अर्धा तास आणि एक जाणता हात त्यांना लाभता तर पदकाचा रंग कोणता असता, हे कोणी सांगू शकणार नाही. पण तो त्यांचा हक्क होता, एवढे निश्चित.

पश्चिमेकडेही ही विद्या गेली, आणि तिच्या नावात आपल्या देशाची खूण राहिली. मूळचे पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडात ब्रायटन येथे औषधी वाफेची आणि मर्दनाची स्नानगृहे चालविली. राजा चौथा जॉर्ज हा त्यांच्या आश्रयदात्यांपैकी होता. इंग्रजीतील शॅम्पू हा शब्द चंपी, चांपणे या आपल्याकडील शब्दांच्याच कुळातला, आणि आरंभी त्याचा अर्थ केस धुणे असा नसून अंग चेपणे असा होता! स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली. पुढे हॉलंडचे डॉ. मेझगर यांनी मर्दनाच्या प्रकारांची शिस्तबद्ध मांडणी केली. लांब हात फिरविणे, मळणे, थापटणे, हे त्यांतील मुख्य प्रकार. आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच प्रकार हाताने शिकविले. पण ते कागदावर लिहिले गेले नाहीत, म्हणून विद्या त्यांची ठरली आणि आपला तो केवळ धंदा राहिला.

आता या विद्येविषयी आधुनिक शास्त्र काय म्हणते तेही पाहणे अगत्याचे आहे. कारण जुन्याचा अभिमान धरताना त्यातील चुकीच्या समजुती जपणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. नवी वा जड मेहनत केली असता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते, हा सर्वांचा अनुभव. स्नायूंत आम्ल साचते आणि मर्दनाने ते निघून जाते, असे अद्यापही पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. परंतु ते लॅक्टिक आम्ल श्रमानंतर तासाभराच्या सुमारास आपोआपच ओसरते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांत शिगेस पोहोचते. १९०२ सालीच अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी या दुखण्याचे मूळ स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेत असावे असे दाखविले होते. स्नायू ताणला जात असतानाच जोर सोसतो तेव्हा ही इजा अधिक होते. म्हणूनच पंढरीहून परतीच्या वाटेवर दिवे घाट उतरून हडपसरकडे येताना मांड्या अधिक बोलतात. चढण दम काढते, पण उतार मांड्या दुखवितो.

मग मर्दनाने होते काय? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अकरा तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवावयास लावली, प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मर्दन केले, आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. मर्दन केलेल्या पायात दाहाच्या खुणा कमी आढळल्या. लॅक्टिक आम्लावर मात्र काहीही परिणाम दिसला नाही. २०२० साली एकोणतीस प्रयोगांचा, एकूण १,०१२ व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मर्दनाने बळ, उडी, धाव वा दम वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही; परंतु अंगाची लवचीकता थोडी वाढते आणि नंतरचे दुखणे थोडे कमी होते, असे दिसून आले. निष्कर्ष लहान वाटेल. पण सुश्रुताने तरी अधिक काय सांगितले होते? श्रम जातात, झोप लागते, सुख वाटते. मर्दनाने पहिलवान घडत नाही, मेहनतीने घडतो. मर्दन त्याला उद्याच्या मेहनतीस उभे करते. वारकऱ्याला पंढरी त्याचे स्वतःचेच पाय दाखवितात; आपला हात त्या पायांना फक्त एक मुक्काम पुढे नेतो. या कामाची प्रतिष्ठा यातच आहे, आणि तिला खोट्या दाव्यांची गरज नाही.

या ठिकाणी दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. मुरगळून नुकत्याच सुजलेल्या सांध्यावर, मोड झाल्याचा संशय असलेल्या हाडावर, उघड्या जखमेवर किंवा तापात मर्दन करू नये. एकच पोटरी सुजली असेल, गरम आणि लाल दिसत असेल, तर तिला हात न लावता डॉक्टरांकडे पाठवावे. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास रगडण्याने ती सुटून प्राणावर बेतू शकते. दुसरी गोष्ट जोराची. जितके दुखेल तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. आधीच इजा झालेल्या स्नायूवर अतिजोर म्हणजे दुसरी इजा होय. सुश्रुताची ‘सुख वाटेल’ ही मर्यादा येथे आठवावी.

आज चित्र पालटले आहे. बलुते गेले. ज्याला आपण हलके म्हणून टाकले, तेच काम आता फिजिओथेरपी या नावाने पदवीचा विषय झाले आहे. २०२१ च्या कायद्याने त्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत स्थान मिळाले आहे. क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या संघांबरोबर मर्दनतज्ज्ञ प्रवास करतात. आपल्या हडपसरभोवती उंच इमारती उठल्या, व्यायामशाळा निघाल्या, आणि त्यांत हेच काम चांगल्या मोबदल्यावर चालते. वारीच्या वाटेवर फिजिओथेरपीचे विद्यार्थी वारकऱ्यांच्या पायांची सेवा करताना दिसतात. हे पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु त्या विद्यार्थ्यांत आपल्या घरांतील मुलेमुली किती, हा प्रश्नही मनात आल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या आजोबांच्या बोटांत ही जाण होती, त्यांच्या नातवंडांनी ती शास्त्राच्या मार्गाने परत मिळवावी, यात कमीपणा कसला?

यास्तव ज्ञातिबांधवांस आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की घरातील ज्या वृद्धांनी तालमीत किंवा गावात मर्दनाचे काम केले असेल, त्यांच्याकडून हातांच्या प्रकारांची नावे, तेलांची माहिती आणि काय करू नये याचे नियम लिहून घ्यावेत. मंडळाने ते पुढील स्मरणिकेत छापावेत. ही माहिती त्यांच्याबरोबर गेली तर ती कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. दुसरी अशी, की पालखीच्या दिवशी गाडीतळावर आपल्या मंडळींनी मोफत दाढीच्या सेवेबरोबर पायांच्या सेवेचीही मांडणी करावी. तिच्यात वयस्क हात आणि शिकलेली मुले शेजारी शेजारी बसावीत, आणि पुढे येईल त्याचे पाय जात वा मान न विचारता हाती घ्यावेत. गावगाड्याने जो हात काही अंगांसाठीच राखून ठेवला होता, तो वारीच्या वाटेवर सर्वांचा व्हावा. सेनाजींच्या नावाने चालणाऱ्या ज्ञातीला याहून शोभणारे दुसरे काम आम्हांस दिसत नाही.